आधी टेलला, मग बाकीच्यांना

न्याय म्हणजे काय, या प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या डोक्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. आमच्या बोरी बुद्रुकमध्ये तो प्रश्न केव्हाच सुटला. न्याय म्हणजे पंगतीतल्या शेवटच्या पानावर पहिली जिलेबी पडणे.

हा न्याय महादू अण्णांचा. अण्णा कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला पाणी कधी जाईल हे ज्याच्या हातातल्या चावीवर ठरतं, तो माणूस म्हणजे पाटकरी. कालव्याच्या सुरुवातीची शेतं म्हणजे हेड, शेवटची म्हणजे टेल. हेडवाले पोटभर पितात आणि टेलवाले आभाळाकडे बघत बसतात. म्हणून नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग मागे मागे हेडकडे यायचं. हा नियम सगळ्याच पाटकऱ्यांना पाठ असतो. अण्णा तो पाळत, एवढाच काय तो घोटाळा.

त्यांचं स्वतःचं शेत हेडला. डोळ्यांदेखत कांदा माना टाकायचा, शेजारून चारीतलं पाणी खळाळत पुढे जायचं आणि अण्णा सायकल धरून बांधावर उभे. काकू हयात होत्या तेव्हा एकदा भर चौकात म्हणाल्या होत्या, "पाटकऱ्याशी लगीन लावून कोरड्यात मेले. दुसऱ्या कुणाची बायको असते तर ह्यांनी तरी पाणी दिलं असतं."

अण्णा निवृत्त झाले, नियम झाला नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी पहिली पंगत बसवली ती मांडवामागच्या बँडवाल्यांची आणि ड्रायव्हरांची. नवऱ्या मुलाचा मामा ताटकळून लाल झाला. अण्णा त्याला शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमी हेडला बसलाय. हेडला घाई नसती." मामा रुसून आळेफाट्यापर्यंत गेला. तिथे एसटी नव्हती, म्हणून परत येऊन जेवला. देवळात प्रसाद वाटायला उभे राहिले की अण्णा सुरुवात चपलांपाशी उभ्या असलेल्यांपासून करतात. आमच्याकडे चहाला आले तर कप तोंडाला लावण्याआधी विचारतात, "टेलचं भागलं का?" म्हणजे आत स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईला चहा मिळाला का. पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा तो मिळालेला नव्हता, आणि आमच्या हिला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

काकू गेल्यापासून अण्णांचा मुक्काम बैठकीत, फोनजवळ. लाल रंगाचा, तारेचा, जुना फोन. त्यावर काकूंनी विणलेला रुमाल. मोबाइल आले तसे बाकीच्या खोल्यांतले फोन निघाले, भिंतीवर वायर जोडायच्या नुसत्या पेट्या राहिल्या. बैठकीतला मात्र हलला नाही. दुपारी रुमाल घडी करून बाजूला ठेवायचा, नंबर फिरवायचा आणि टेलच्या गावांची खबर घ्यायची.

"काय रं, पोचलं का पाणी? ... मग चारीतलं गवत कोण काढणार, मी? ... बरं बरं. पोरगी नांदाया गेली का?"

मी अनेकदा समोर बसून हे ऐकलं आहे. फोन ठेवून अण्णा म्हणत, "अजून इचारत्यात राव मला. नव्या पोरांना टेल कुटं ठावं हाय?" आणि मग, "तुमास्नी बी नमस्कार सांगितलाय." मीही उलट नमस्कार पाठवत असे. माणसाने तेवढं सौजन्य ठेवावं.

टाळेबंदीच्या वर्षी या घरात इंटरनेट यायचं ठरलं. अण्णांचा मुलगा चाकणला कंपनीत. सून रूपाली आळेफाट्याजवळच्या एका खासगी शाळेत शिकवते. शाळा मोबाइलवर भरू लागली आणि आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर. तीही वारा असेल तशी. मुख्याध्यापकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की तास असेच तुटत राहिले तर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील.

राऊटर बसवायला जुन्नरचे लाइनमन सलीमभाई आले. त्यांची हयात खांबावरून खाली बोलण्यात गेल्यामुळे ते जमिनीवरही त्याच आवाजात बोलतात. राऊटरसोबतची पुस्तिका इंग्रजीत असल्याने शेजारचा मास्तर म्हणून मला बोलावणं आलं.

सलीमभाईंनी बैठकीतल्या पेटीवर बोट ठेवलं. "इथं लावायचा. खांबावरची लाइन घरात शिरती ती पैली पेटी ही. पुढच्या पेट्यांची वायर काढून टाकू, नायतर खरखर येती."

अण्णा पेटीपुढे आडवे येऊन उभे राहिले. "हितं न्हाई. शेवटल्या खोलीत लावा."

"अण्णा, शेवटल्या खोलीत कांदा हाय!"

"मग? टेलला पोचलं की मागं सगळ्यांना पोचतंय."

"अवो, हे पाणी न्हाई!"

"वाहतंय न्हवं?"

सलीमभाईंनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तिकेतलं चित्र दाखवलं. त्यातही राऊटर पहिल्याच पेटीवर होता. अण्णांनी चित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो छापणाऱ्यानं कधी चारी बघितलीया का?"

मी पुस्तिका मिटली. राऊटर कांद्याच्या खोलीत गेला. त्याचा हिरवा दिवा लागला, लुकलुकला आणि विझला. दिवसभर तेच. सलीमभाई डोक्याला हात लावून निघून गेले आणि जाताना मला म्हणाले, "सर, मी विहिरीत लाइन टाकलीय, गोठ्यात टाकलीय. पण न्यायात कुणी टाकायला सांगितली नव्हती."

रूपालीचे तास गच्चीवरच सुरू राहिले. रणरणत्या उन्हात, डोक्यावर कांद्याच्या गोणीचं छत, हातात फोन वर धरलेला. खाली ऐकू यायचं ते एवढंच: "आवाज येतोय का? ... आता? ... आता येतोय का?"

मी अण्णांशी बोलून पाहिलं. त्यांचा मुलगा चाकणहून बोलला. सलीमभाई पुन्हा येऊन गेले. दर वेळी अण्णा त्या पेटीपुढे खुर्ची टाकून बसत आणि टेल-हेड सुरू करत. मला खरोखर धक्का बसला. बँडवाल्याला आधी जेवू घालणारा हा माणूस, आणि घरातली पोर उन्हात उभी आहे हे त्याला दिसू नये? तत्त्वं माणसाचं काय करून ठेवतात याविषयी मी मनातल्या मनात एक छोटं भाषणही तयार केलं.

एका दुपारी आम्ही दोघं बैठकीत असताना वरून रूपालीचा आवाज आला. या वेळी ती शिकवत नव्हती. "सॉरी सर. ... हो सर, कळतंय मला. ... नाही सर, उद्या नक्की. ... एवढा एक दिवस द्या सर." मग ती जिना उतरली. तोंड उन्हाने रापलेलं. आमच्याकडे न बघता सरळ आत निघाली.

"पोरी," अण्णा म्हणाले. "काय म्हणत व्हता सायब?"

"उद्याच्या उद्या नाही झालं तर येऊ नका म्हणाले."

अण्णा उठले, खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "सलीमला बोलवा. म्हणावं, पेटी उघड."

हे शब्द त्यांच्या तोंडून इतके जड निघाले की मला वाटलं, आयुष्यभराचं तत्त्व मोडताना माणसाचं असंच होत असावं.

सलीमभाई आले, झाकण काढलं, फोनची वायर हातात धरून कपाटामागून ओढली. ती सहज आली. नको तितकी सहज. तिचं दुसरं टोक पेटीत नव्हतंच. कपाटामागे उंदरांनी ती कुरतडून तोडली होती, आणि आतून डोकावणारं तांबं पार हिरवं पडलं होतं. जाळं विणून बसलेला एक कोळी त्या टोकावरून घाईने उतरला.

सलीमभाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "अण्णा, हा फोन..."

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. वर्ष मागचं होतं. माझ्या कानात टेलची सगळी गावं एकदम बोलू लागली: पाणी, गवत, नांदायला गेलेली पोरगी. मी कोणाकोणाला नमस्कार पाठवले होते?

तेवढ्यात रूपाली पुढे आली. "सलीमभाई, काल नीट व्हती की. दुपारी तर बोलले अण्णा. रातीच खाल्ली असंल उंदरांनी. लई झालेत."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अण्णांनी नंबर फिरवायला घेतला की रूपाली दर वेळी टीव्हीचा आवाज कमी करायची. घर झाडूनपुसून ठेवणाऱ्या सुनेला कपाटामागची वायर दिसणार नाही, हे मी तरी कशाच्या आधारावर धरून चाललो होतो?

सलीमभाईंनी ते हिरवं टोक बोटांत फिरवलं. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. "होय वैनी," ते म्हणाले. "ताजीच दिसतीय."

मग त्यांनी पहिल्या पेटीत लाइन बसवली. पुढच्या पेट्यांच्या वायरी काढल्या. पेटीतून निघणाऱ्या तारेला एक लहानशी डबी लावली, जिच्या एका तोंडाला राऊटर लागतो आणि दुसऱ्याला फोन. राऊटर जोडला. मग न विचारता आपल्या पिशवीतली नवी वायर काढून लाल फोनही जोडला. हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

अण्णांनी आपली खुर्ची स्वतः बाहेर ओट्यावर नेली. "बैठक तुजी आता," रूपालीला म्हणाले. "मी हाय हितं. कोण आलं तर बाहीरच्या बाहीर बघतो." दुसऱ्या दिवसापासून तास बैठकीत भरू लागले, मुख्याध्यापकांचे फोन थांबले, आणि पंख्याखाली बसून रूपाली अपूर्णांक शिकवू लागली. मी माझं भाषण रद्द केलं.

त्या आठवड्यात एका दुपारी, तास संपल्यावर, लाल फोन वाजला. खणखणीत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. मी ओट्यावरच होतो. अण्णा इतके दचकले की चप्पल न घालता आत धावले. रूपालीने लॅपटॉप मिटला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. दारातून मला अण्णांची पाठ दिसत होती. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला.

"हॅलो? ... कोण बोलतंय? ... हां, हां. बोला की."

मंचरहून कोणीतरी जेसीबी भाड्याने मागवत होतं. राँग नंबर होता. अण्णा त्याच्याशी अर्धा तास बोलले.