अक्काचा रिकामा गुरुवार

आमच्या अक्काच्या दारात पाहुणा आला की चपला काढायच्या आत त्याला पहिला प्रश्न येतो, "परतीचं तिकीट कधीचं?" नवखा माणूस हबकतोच. त्याला वाटतं, आल्या आल्या कटवायला निघाली बाई. तसं नसतं. अक्काला फक्त किती जेवणं घालायची ते ठरवायचं असतं. चार दिवस म्हटलं की आठ जेवणं, चार नाश्ते, आणि लगेच कागदावर आखणी सुरू. सोमवारी हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर, मंगळवारी शेंगापोळी, निघायच्या दिवशी दहीभात, तोही बांधून.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्यात नि माझ्यात सोळा वर्षांचं अंतर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत तिनं छत्तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, माझ्या वर्गात साठ पोरं आहेत, आता बाकावर जागा नाही. बोलता बोलता समोरच्याला थांबवून "समजलं? मग सांग परत" म्हणायची सवय तिला शाळेतच लागली आणि शाळा सुटली तरी ती सुटली नाही. दूधवाला, रिक्षावाला, कुणाचीच सुटका नाही. एकदा डॉक्टरांना तिनं कुठं दुखतंय ते सांगितलं आणि त्यांच्याकडून ते जसंच्या तसं परत म्हणवून घेतलं.

तर ही बाई निवृत्त झाली आणि साठाव्या वर्षी शिकायला परदेशी निघाली. तेही थेट स्कॉटलंडला, एडिंबरात, एक वर्षाच्या पदवीसाठी. आम्ही तिघा भावांनी तिला वेड्यात काढलं. थोरले दोघं म्हणाले, या वयात माणसानं अक्कलकोटला जाऊन बसावं, हे काय खूळ? अक्का शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, "माझ्या वर्गातली पोरं घरी तेलुगू बोलायची, कन्नड बोलायची, दखनी बोलायची. शाळेत आली की सगळी मराठी. वाचताना पोरगं नेमकं कुठं अडतं, ते मला छत्तीस वर्षांत नीट कळलं नाही. न कळताच मरायचं का?" आम्ही बॅगा आणून दिल्या.

वर्ष संपत आलं तेव्हा ऑगस्टात मी आणि माझी बायको विजया तिच्याकडे गेलो. वर्षभरात तिच्याकडे गेलेली घरची पहिली माणसं आम्हीच. विमानतळावरच्या तपासणीतल्या बाईनं आमच्या कडक भाकऱ्या उलटसुलट करून, चक्क वाजवून बघितल्या. हे खातात, यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी विजयानं एक मोडून तिच्यासमोर खाल्ली.

अक्काची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि कोपऱ्यात शेगडी. पलंग आम्हाला दिला आणि स्वतः खाली सोलापुरी चादर अंथरून झोपली. नको म्हणालो तर म्हणाली, "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं की." फ्रीजवर आमच्या अकरा दिवसांचा कागद चिकटवलेलाच होता. बाहेर पडलो की बसच्या ड्रायव्हरला आमचं उतरायचं ठिकाण सांगायची आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायची. ते लोकही बिचारे म्हणायचे. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत बसायचो.

विजयाचं लक्ष मात्र त्या कागदाकडे होतं. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी काहीच लिहिलेलं नव्हतं. आमटी ढवळताना अक्का पिठाच्या डब्याआड वही ठेवून काहीतरी पुटपुटते, हेही तिनंच हेरलं. मी गुरुवारचं विचारलं, तर अक्का म्हणाली, त्या दिवशी तुम्ही किल्ला बघायला जा, मला लायब्ररीत काम आहे.

गुरुवारी सकाळी विजया स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून तशीच मागे फिरली. मला हळूच म्हणाली, "अक्का स्वतःच स्वतःच्या हातावर दही-साखर घालून घेतायत."

आमच्याकडे दही-साखर कधी देतात, हे काय सांगायला पाहिजे? मी सरळ जाऊन विचारलं, कसली परीक्षा आहे? अक्का आधी रागावली, मग शेगडी पुसायला लागली. आकडेमोडीचा एक पेपर मागं राहिला होता. तो आज पुन्हा, आणि ही शेवटची संधी. आज गेला तर पदवी गेली.

"मग आम्हाला कशाला बोलावलंस या दिवसांत? अभ्यास करायचा सोडून शेंगापोळ्या लाटत बसलीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

आम्ही किल्ल्याच्या बससाठी थांब्यावर उभे राहिलो. बस आली, गेली. विजया म्हणाली, तुम्हाला बघवणार आहे का किल्ला? मला बघवणार नव्हता. माझ्या दहावीला अक्का शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात पाण्याची बाटली आणि डबा घेऊन प्रत्येक पेपरला तीन तास बसायची. थोरल्यांच्या वेळीही तीच. आमच्याकडे परीक्षा म्हणजे घरातलं एक माणूस आत आणि एक बाहेर. आम्ही घरी जाऊन भाकरी, चटणी, पाणी घेतलं आणि विचारत विचारत परीक्षेच्या इमारतीपाशी पोचलो. पायऱ्यांवर बसलो.

थोड्या वेळानं आतून एक बाई चौकशीला आली. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, बहीण आत परीक्षेला बसली आहे. तिनं काळजीनं बहिणीचं वय विचारलं. एकसष्ट म्हटल्यावर ती आत गेली आणि दोन खुर्च्या आणून दिल्या.

बारा वाजता पोरं बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी अक्का. आम्हाला बघून तिथंच थांबली. मला वाटलं, किल्ल्याला गेलो नाही म्हणून आता ओरडा बसणार. पण ती खाली पायरीवरच बसली. पुढं निकाल लागला तेव्हा ती पास झाली, पण त्या वेळी ते कुणाला ठाऊक होतं? मी पेपर कसा गेला ते विचारणार, तेवढ्यात तीच बोलली.

"माझ्या दहावीला बाहेर कुणी नव्हतं रे. गणिताचा पेपर होता. अप्पा गिरणीत पाळीवर, आणि आई दवाखान्यात. त्या दिवशी सकाळी तू झालास. सगळ्यांचे आई-बाप फाटकाशी उभे होते आणि मी एकटी दवाखान्यापर्यंत पळत आले, तुला बघायला."

पंचेचाळीस वर्षं माझा वाढदिवस घरात अक्काच करत आली आहे. त्या दिवशी तिचा पेपर होता, हे तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. विजयानं डबा उघडून तिच्यापुढं धरला. अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि रडत रडत खायला लागली.