चहाची जागा

रंगनाथमामांनी भरलेल्या कुठल्याही सीडीत मधोमध चहाची जागा असते. तीन-चार गाणी झाली की मशीन एकदम गप्प होतं. नवखा माणूस उठून बटणं दाबायला लागतो. मामा त्याचा हात धरतात. "बिघडलं न्हाई ते. चहाची जागा सोडलीय. आधण ठेवा."

मामा आमच्या शेजारच्या गल्लीतले. पूर्वी नांदूरघाटच्या स्टँडजवळ त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. दुकान मोडलं आणि कॅसेटी घरी आल्या. आता पलंगावर मामांपेक्षा कॅसेटींनाच जास्त जागा. भारुडं, गवळणी, कव्वाल्या, बायकांची लग्नातली गाणी. त्यातून निवडून ते जुन्या कॉम्प्युटरवर ज्याच्या त्याच्या नावाची सीडी बनवतात. फुकट. फक्त फर्माईश चालत नाही. "तुमी काहून सांगता? डाक्टरला गोळी सांगता का?"

सुताराच्या पोराच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला सासरी निघालेल्या मुलींची गाणी भरून दिली. सगळे हसले. मामा म्हणाले, "पोरगी धीट हाय. रडनार ह्योच." निघताना खरंच तोच रडला.

गाणं भरताना मामा गल्लीत येऊन ओरडतात, "मोटर लावू नका बे! आवाज लोळतोय!" मोटर सुरू झाली की वीज मंदावते आणि टेपमधल्या बाईचा बुवा होतो. वीज गेलीच तर सीडी वाया. वाया गेलेल्या सीड्या आम्ही पाखरं हाकलायला ज्वारीत टांगतो. वीज इतकी जाते, की आमचं रान लांबून जत्रेसारखं चमकतं.

अडचण एकच. सीडी लावायचं मशीन आता कुणाकडेच नाही. "फोनवर सगळं हाय मामा," लोक म्हणतात.

"त्यात चहाची जागा कुठंय? थांबा, मशीन मी आनतो की!"

टॉवेलात गुंडाळलेलं मशीन सायकलला बांधून मामा हजर होतात आणि सीडी संपेपर्यंत हलत नाहीत.

मी कुणासमोर फारशी बोलत नाही. माझ्या नावाची सीडी लागली तेव्हा स्वयंपाकघरातच बसले. मामा बाहेरून म्हणाले, "अक्का, दाराआड कान सैल सुटत न्हाईत. उंबऱ्यापस्तोर तर या." चहाच्या जागेत मी उंबऱ्यावर आले. मग मामा दर गुरुवारी नवी सीडी आणू लागले आणि मीही चार शब्द बोलू लागले. त्यांची बायको गेलेली, मुलगा पुण्याला, फोन सणासुदीलाच. हे मला त्या जागेतच कळलं.

आमच्या मालकांना मात्र गुरुवारी टीव्ही लावता येईना. त्यांनी केजहून एक जुनं मशीन आणलं आणि मामांना वाटेतच सांगितलं, "मामा, आता वझं वाहू नका. सीडी तेवढी धाडत जा."

त्या गुरुवारी मामा आले नाहीत. दाराच्या कडीला पिशवीत सीडी अडकवलेली होती. मी ती आमच्या मशीनवर लावली. मधोमध मशीन गप्प झालं. एकटीसाठी काय चहा करायचा, म्हणून मी तशीच बसून राहिले. ती जागा लई लांब वाटली.

पुढच्या गुरुवारीही कडीला पिशवीच. मग मी मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पहिल्यांदाच मामांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मामा, बिघडलंय."

मामांनी चष्मा लावला. स्क्रू काढले, आत फुंकर मारली, सीडी घातली. गाणं खणखणीत वाजलं. मी जमिनीकडे बघत राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि बटण बंद केलं.

"लई मोठा बिघाड हाय, अक्का. मालकाला सांगा, ह्ये काय लवकर नीट व्हायचं न्हाई."

"मंग?"

"मंग काय? मी आनतो की."

त्या आठवड्याच्या सीडीत चहाची जागा दोनदा होती.