हातोडा विरुद्ध फिरकी

बेकरीवाल्याचे सासरे जावयाशी बोलत नसत असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं. बोलत की. "पाव आणलात?" एवढं बोलत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण या संभाषणात कधी काना-मात्रेचा फरक पडला नव्हता. जावई "हो, आणला" म्हणायचा आणि सासरे वर्तमानपत्र उघडून बसायचे, ते जावई उठून जाईपर्यंत. माणूस तसा वाईट नव्हता. पण लेकीनं पाववाल्याशी लग्न केलं हे काही त्यांना पचलं नव्हतं. पाव मात्र रोज पचत होता.

सासऱ्यांची पंचाहत्तरी आली तशी बेकरीवाल्यानं कंबर कसली. सासरे बॉक्सिंगचे वेडे आहेत, ही बातमी त्याला मेहुण्याकडून लागली होती. त्यांचा देव म्हणजे हातोडा, जुन्या काळातला तो मिशीवाला गडी, ज्याच्या मॅचेस आता फक्त रेघा पडलेल्या फिल्मवर बघायला मिळतात. मग बेकरीवाल्याचा बेत ठरला. केक चौकोनी, म्हणजे बॉक्सिंगचं रिंगण. कडेनं साखरेचे दोर. मधे साखरेचेच दोन बॉक्सर, एक हातोडा आणि समोर आजचा चॅम्पियन फिरकी, ज्याचा एक पाय कायम हवेतच असतो. केक बघून सासरे काहीतरी विचारतील, जावई फाडकन उत्तर देईल आणि पंधरा वर्षांचा अबोला सुटेल. अडचण एकच होती. बेकरीवाल्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून त्या दुपारी मेहुण्याची शिकवणी लागली. मेहुणा शाळेत खेळाचा मास्तर, आणि फिरकीचा कट्टर भक्त. केक भट्टीत गेला होता, घड्याळाला चावी दिली होती. बायको पुढे गल्ल्यावर होती आणि हे दोघे मागे, पिठाच्या पोत्यांमध्ये.

"हे बघा भाऊजी," मेहुणा म्हणाला, "हातोडा उभा राहतो आणि मारतो. फिरकी उभाच राहत नाही. संपला विषय."

"उभाच राहत नाही, तर मारतो कधी?"

"पळता पळता."

"मग हातोड्यानं त्याला कोपऱ्यात गाठला तर?"

मेहुण्यानं चमकून पाहिलं. शिष्य बरा निघाला होता. "गाठून दाखवा," तो बाह्या सरसावत म्हणाला. "तुम्ही हातोडा, मी फिरकी. पण घंटा पाहिजे. घंटेशिवाय राऊंड कसला?"

घंटा समोरच होती. भट्टीचं घड्याळ. चावी फिरवायची, वेळ भरली की टण्. वर्षानुवर्षं त्या टण्ला बेकरीवाल्याचा हात आपोआप भट्टीच्या दाराकडे जायचा. झोपेत असला तरी जायचा, बायको सांगते. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे, आणि काटा तीन मिनिटांवर आणून ठेवला.

पहिल्या राऊंडला तो नुसता चाचपडला. दुसऱ्याला त्याच्या लक्षात आलं की फिरकी डावीकडे पळण्याआधी खांदा पाडतो. तिसऱ्याला त्यानं फिरकीला बिस्किटांच्या रॅकपाशी गाठला आणि हवेतच असे ठोसे लगावले की मेहुणा खरोखर कळवळला. टण् वाजलं की दोघं समोरासमोरच्या पोत्यांवर बसायचे, पाणी प्यायचे, टॉवेलनं घाम पुसायचे, चावी फिरवायचे आणि पुन्हा उठायचे. आयुष्यात पहिल्यांदा बेकरीवाल्याला वाटत होतं की आपण पाववाले नाही आहोत, आपण हातोडा आहोत. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. सातव्या राऊंडची घंटा झाली, तेव्हाही त्याचा हात टॉवेलकडेच गेला.

"काय जळतंय?" पुढून बायकोनं विचारलं.

"फिरकी," बेकरीवाला अभिमानानं म्हणाला.

तेवढ्यात भट्टीच्या दारातून धूर आला.

दुसरा केक करायला वेळ नव्हता. पाहुणे जमायला लागले होते, सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. बायकोनं सुरी घेतली, कोळसा झालेला वरचा थर खरवडला, त्यावर गिलावा करावा तसं क्रीम थापलं, दोर ओढले, बॉक्सर उभे केले आणि पावाच्या गाडीची किल्ली हातात घेतली. "बसा," ती म्हणाली. दोघं बसले. खोकं बेकरीवाल्याच्या मांडीवर.

"आता एकदम गप्प राहायचं," बायकोनं बजावलं.

अर्धा रस्ता दोघं शहाण्यासारखे बसले. मग मेहुण्याला राहवेना. "पण भाऊजी, आठव्यात मी तुम्हाला खालून दिला असता. असा." आणि त्यानं दाखवला. ठोसा थेट खोक्याच्या बुडाला बसला.

सासऱ्यांच्या घरी सगळे टेबलाभोवती उभे होते. सासूबाईंनी खोकं उघडलं. रिंगणात हातोडा उताणा पडला होता. फिरकी त्याच्या छातीवर पाय देऊन उभा होता.

सासऱ्यांनी चष्मा चढवला. वाकून पाहिलं. "हा हातोडा ना?"

"हो, बाबा," बेकरीवाला पुटपुटला.

"मग आडवा का?"

पंधरा वर्षांत सासऱ्यांनी विचारलेला हा तिसरा प्रश्न. बेकरीवाल्यानं आता काय सांगावं? खोकं आपटलं म्हणावं, की गाडीला धक्का बसला म्हणावं? बायको त्याच्याकडे बघत होती, मेहुणा छताकडे. पण दुपारचं वारं अजून अंगातून गेलं नव्हतं, आणि हातोडा हरला असं त्याच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

"पडलाय, बाबा. हरलेला नाही. रेफ्री अजून मोजतोय."

सासऱ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "किती झाले?"

"सहा."

"सात," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी आणखी एक बोट वर केलं.

"आठ."

"उठत नाही तो आता," मेहुणा म्हणाला.

"गप रे. नऊ." आणि सासऱ्यांनी दोन बोटांनी हातोड्याला उचललं, पाय क्रीममध्ये घट्ट रोवून उभं केलं आणि फिरकीला दोराकडे सरकवलं. "आता बोला जावईबापू. पुढे काय?"

जावईबापू! बेकरीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आता बरगड्या, बाबा. फिरकी डावीकडे पळण्याआधी खांदा पाडतो. तिथंच गाठायचा."

"शाबास. हे या गाढवाला सांगा," सासरे लेकाकडे बोट दाखवून म्हणाले. मग जी जुंपली, ती मेणबत्त्या वितळून दोरांना चिकटल्या तरी थांबेना. शेवटी सासूबाईंनीच केक कापला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"करपलाय."

बायकोनं डोळे मिटले.

"हो, बाबा," बेकरीवाला म्हणाला. "सातव्या राऊंडला."

"तेव्हा जिंकत कोण होतं?"

"हातोडा."

"मग चालेल," म्हणत सासऱ्यांनी दुसरा तुकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं भट्टीचं घड्याळ काढून स्वतःच्या गळ्यात अडकवलं. आता बघू कसल्या मॅचेस होतात, असं तिचं म्हणणं. इतक्यात सासरे आले. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात पितळी घंटा. खुर्ची त्यांनी पिठाच्या पोत्यांपाशी मांडली, आणि हातोड्यासमोर आज त्याच्याही आधीचा कुठला पहिलवान उभा करायचा यावर जावयाशी चर्चा सुरू केली.

तेव्हापासून ते रोज येतात. गल्लीतली गिऱ्हाइकंही आता तयार झाली आहेत. पाव मागण्याआधी विचारतात, "आज मॅच किती राऊंड चालली?" लवकर आटोपली असेल तर पाव घेतात. शेवटपर्यंत चालली असेल तर टोस्ट घेतात, कारण त्या दिवशी दुसरं काही नसतंच.

दुपारी सासरे खुशीत घरी जातात. दारातच सासूबाई उभ्या असतात.

"पाव आणलात?" त्या विचारतात.

सासरे टोस्टची पिशवी हळूच मागे धरतात आणि वर्तमानपत्र उघडून बसतात.