ढोबळेजी आणि न हलवायची नळी

आमच्या मनीषनगरातले ढोबळेजी स्पीडब्रेकर पायी ओलांडतात. स्पीडब्रेकर दिसला की ऑटो थांबवायचा, पिशवी छातीशी धरून उतरायचं, पलीकडे जाऊन उभं राहायचं, ऑटो आला की पुन्हा बसायचं. आता ऑटोवाले त्यांना पाहूनच तोंड फिरवतात.

आम्ही दोघं एकाच लॅबसाठी घरोघरी रक्त काढतो. मी साधं, म्हणजे शुगर, थायरॉइड. ढोबळेजींकडे खास नळ्या. आपल्या रक्तात पेशींतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे तरंगत असतात. कॅन्सरची गाठ असली तर तिचेही तुकडे त्यात सापडू शकतात. पण नळीला दणके बसले की रक्तातल्या चांगल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांच्या गर्दीत हवा तो हरवतो.

"पंगतीत अख्खं गाव घुसलं, तं व्याही कोनता कसा ओळखाल?" हे ते पेशंटला सांगतात, लिफ्टवाल्याला सांगतात. एकदा सिग्नलवर शेजारच्या बुलेटवाल्याला सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचं, सुमनताईंचं, आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. मागे काही उरलं का हे बघायला डॉक्टरांनी या उन्हाळ्यात हीच तपासणी सांगितली. आयुष्यभर लोकांना सुया टोचणारा हा माणूस बायकोच्या दंडाला पट्टा बांधून नुसता उभा राहिला. शेवटी मला फोन. मी पोचले तर साहेब स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून.

"मॅडम, यांले आधी बाहेर न्या," सुमनताई म्हणाल्या, "नाहीतं यांचंच बीपी पाहा लागन."

मी रक्त काढलं. त्या दिवशी ढोबळेजींचा ऑटोवर विश्वासच नव्हता. भर मे महिन्यात लॅबपर्यंत चालत गेले. छत्री पिशवीवर, स्वतः उन्हात.

रिपोर्ट आला तेव्हा लॅबच्या दारातच त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. मले दिसून नाही राहिलं."

गाठीचे तुकडे सापडले नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं होतं, पण आज तरी काही नव्हतं.

"म्हंजे नाही ना?"

"नाही."

हे त्यांनी चार वेळा विचारलं. मग घरी फोन लावला. "सुमन, काही नाही निघालं वं," एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

"रडून राहिले का?" ताईंनी विचारलं. "रडू द्या. वर्षभर माह्ये घास मोजून राहिले अन् सोता अर्धपोटी उठून राहिले. त्यांले वाटते, मले माहीत नाही. आधी काही खाऊ घाला त्यांले."

मी समोरच्या टपरीवरून तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, मागवले. ढोबळेजींनी रडत रडत दोन प्लेटा संपवल्या आणि तिसरी मागितली.