प्रसादाचा फुगवटा

"मध्य भारतात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही," असं यशवंतराव रोज दाढी करताना आरशाला सांगत. आरसा बिचारा काय बोलणार? रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रायपूरच्या समता कॉलोनीतल्या घरावर 'खाजगी अन्वेषक' अशी पाटी ठोकली. त्यानंतर त्यांनी शोधलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःचा चष्मा, तोही बायकोनं, शारदाबाईंनी, बोट दाखवल्यावर.

यंत्रांना हार घालून पूजतात त्या विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भाची पूर्णिमाचा नवा रायपूर इथल्या प्रयोगशाळेतून रडत फोन आला. नवरा-बायको दोघं पोचले.

तिनं खडीसाखर कुटून काचेच्या पट्टीतल्या खळग्यात भरली होती. साखरेचे कण कवायतीला उभे असल्यासारखे रांगेत असतात, म्हणून एक्स-रे पडले की आलेखावर टोकदार सुळके उठतात. काचेत सगळा सावळागोंधळ, म्हणून नुसता पसरट फुगवटा. आणि साखरेच्या आलेखात आला होता फुगवटा! प्रयोगशाळेचे प्रमुख नरहरी सर कडाडले, "नमुना बदलला हिनं. नोकरी गेली समजा."

यशवंतरावांनी भिंग काढून हार घातलेल्या यंत्राला प्रदक्षिणा घातली. "या एक्स-रेत हाडच नाही. हाडं पळवली कोणीतरी!"

"मामा, साखरेले हाडं नसतात."

"मग गोल बाजारच्या दुकानदारानं साखर म्हणून काच विकली!"

"त्याच पुडीतली सकाळी चहात टाकली मी."

"तरी तू जिवंत? संशयास्पद!"

शारदाबाईंचं डोकं फिरलं. "चूप बसा हो! काहून पोट्टीले अजून रडवून राहिले? पूर्णिमा, पट्टी भरून तू कुठं गेली होती?"

"प्रसाद वाटायले, मामी."

"सगळ्यायले भेटला?"

"मले उशीर झाला," नरहरी सर गुरगुरले. "पण यंत्रापाशी साखर होती ना, ती घेतली. प्रसादाले नाही म्हणू नये."

"सर... प्रसादात नारळ अन् केळं होतं."

सरांनी बोट पाठीमागे लपवलं. त्यांनी खळगा बोटानं पुसून चाटला होता. यंत्र चालवणाऱ्या नत्थूभैयानं पट्टी न बघताच आत सरकवली, आणि यंत्रानं इमानदारीनं काचेचा आलेख काढला.

"मले पहिल्यापासून यायच्यावरच शक होता," यशवंतराव म्हणाले. कोणी वळूनही पाहिलं नाही.

पूर्णिमानं नवी साखर भरली. सुळके उठले, चांगले टोकदार.

"ठीक आहे, नोकरी राहील," सर खाकरले. "अहवालात यंत्राचा बिघाड लिहून टाक."

पूर्णिमानं डोळे पुसले, 'पहिला नमुना नरहरी सरांनी खाल्ला' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढेच सरकवला.