धोंडूबाबांची पडकई

माझी नोकरी टिकली ती तळेघरच्या धोंडूबाबांमुळे. हे आधी सांगते, मग बाकीचं.

आळेफाट्याजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात मी स्वयंपाकीण. गाव परभणीकडे, शाळा पाचवीत सुटलेली. घरी आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवरून फोन करायचा. आले तेव्हा मॅनेजर साळवे म्हणाले होते, "महिनाभर बघू, मग कायम करू." त्या महिन्यात मला नीट झोप नव्हती.

धोंडूबाबा आश्रमातच राहतात. त्यांना कुठलंच काम एकट्याने करवत नाही. पायाचं नख काढायचं असेल कुणाचं, तरी ताटावर चमचा बडवून सगळा आश्रम गोळा करणार. "एकट्याचं काम म्हंजे शिक्षा, राव!" पडकई ही त्यांच्या डोंगरातली रीत. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या भातखाचराचा बांध घालायचा, उद्या माझ्या. ती त्यांनी इथे चालू केली. सुमनबाईंच्या सुईत दोरा ओवायचा होता, तर एकाने सुई धरली, एकाने दोरा, एकाने बॅटरी. त्या गर्दीत सुईच हरवली. दुसऱ्या दिवशी सुई शोधायची पडकई!

मास्तर म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, ते कुणाशी बोलत नसत. "मी इथे पेन्शन खायला आलोय, बांध घालायला नाही," म्हणाले.

"मंग सल्ला द्या मास्तर, त्यो तुमच्याकडं लई हाय," बाबा म्हणाले. तेव्हापासून मास्तर सगळ्यांच्या पुढे.

महिना संपत आला आणि ट्रस्टी मंडळी जेवायला येणार असं ठरलं. नेमकं त्या सकाळी भाताचं उकळतं पाणी माझ्या उजव्या हातावर सांडलं. तीसजणांच्या भाकरी थापायच्या होत्या. मी फडकं गुंडाळून हात पदराखाली लपवला.

"काय लपिवती गं?" दारातून बाबा.

"कुणाला सांगू नका बाबा, नोकरी जाईल."

सांगितलं नाही त्यांनी. सरळ ताट बडवलं. "चला, आज कमलची पडकई!"

आधी त्यांनी मला दवाखान्यात पाठवलं, मलमपट्टी करून घेतली. परत येऊन बघते तर मास्तर पीठ चाळत होते, मिशांसकट पांढरे. चुलीपुढे सुमनबाई. बाकीचे थापत होते. एक भाकरी तर हुबेहूब आंबेगाव तालुक्याचा नकाशा. एवढ्यात साळवे ट्रस्टींना घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

"कमलबाई! म्हाताऱ्यांना कामाला लावलंत?"

 मी काही म्हणायच्या आत बाबाच पुढे झाले. "आमाला कुनी लावलं न्हाई, सायेब. हिचा हात भाजलाय. तुमाला थापाया जमत नसंल तर कांदा चिरा."

सुमनबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली इथं येऊन. आज पहिल्यांदा कुणाला माझ्या हातची भाकरी लागली."

 ट्रस्टींमधल्या एक वयस्कर बाई लुगडं सावरून परातीपाशी बसल्या. साळवे कांदा चिरत रडले. कांद्यानेच, असं ते अजून सांगतात. नकाशाची भाकरी मोठ्या ट्रस्टींनी मागून घेतली. त्याच आठवड्यात मी कायम झाले. असा आश्रम सगळ्या जुन्नर-आंबेगावात दाखवा म्हणावं!

रीतीप्रमाणे आता बाबांच्या पाळीला मी जायला हवं. हात बरा झाल्यावर विचारलं, "बाबा, तुमची पडकई कधी?"

"ऱ्हाऊ दे गं."

त्यांनी आजवर एकदाही पाळी घेतलेली नाही, हे मला तेव्हा कळलं. मी हटले नाही, तेव्हा हळूच बोलले. "तळेघरला खाचर हाय माझं. बांध फुटलाय. आळीतली मानसं काही गेली, काही पोटामागं पांगली. पडकईला कुनी उरलं न्हाई, म्हनून तर हितं आलो."

"मग सांगा की! सगळे जाऊ."

बाबा धोतराचा सोगा नीट करत बसले. "माझी पाळी बाकी ऱ्हायली, की मानूस इचाराया येतंय. घिऊन टाकली तर कोन येनार?"

 याचं उत्तर मला आता सुचलंय, म्हणून लिहिते. बाबा, एखाद्या उन्हाळ्यात आम्ही सगळे तळेघरच्या गाडीत बसणार, सल्ला द्यायला मास्तरही. तुमचा बांध मी या हाताने घालणार. आणि तो पुरा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तुमच्या खाटेपाशी येणार. विचारणार, बाबा, पुढची पाळी कधी?