जांभळ्या फ्लावरचं वाण

भाजे गावात जांभळा फ्लावर पिकवणारा पहिला माणूस मी! हे वाक्य मी संक्रांतीआधी महिनाभर जो भेटेल त्याला ऐकवत होतो. मळवली स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला ऐकवलं. लेणी बघायला आलेल्या एका पाहुण्याने मला रस्ता विचारला, तर त्याला आधी फ्लावर सांगितला आणि मग रस्ता!

त्याला कारण होतं. आमची अंबू, म्हणजे माझी बायको, लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. तिथे तिने जांभळा फ्लावर पाहिला. मागच्या संक्रांतीला शेजारच्या भागुबाईंकडे हळदीकुंकू होतं, तिथे तिने ही गोष्ट सांगितली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

भागुबाई म्हणाल्या, "अंबू, फ्लावर जांभळा असंल तर माजी म्हस बी गुलाबी हाय!"

झालं! अंबू पेटली. "पुढल्या संक्रांतीला एकेकीच्या हातावर जांभळ्या फ्लावरचं वाण ठिवते का न्हाई बघा!"

बंगल्याच्या बाईंकडून तिने बियांची पुडी मागून आणली आणि डाळीच्या डब्यात ठेवली. पावसाळ्यात अंबू गेली. साधा ताप आला आणि आठवडाभरात संपलं. डब्यातली डाळ संपली तेव्हा तळाशी ती पुडी सापडली.

अंबूचं वाण आता मीच द्यायचं, असं मी ठरवलं. मी रेल्वेत गँगमन होतो. सगळा जन्म रूळ सरळ ठेवले, तर फ्लावर काय अवघड!

पहिलं बी कोंबडीने उकरून खाल्लं. उरलेलं टाकलं आणि वर मच्छरदाणी लावली. मी स्वतः डासांकडून चावून घेतलं, पण रोपांना त्रास होऊ दिला नाही! परसात रोपं लावली, अळ्या हाताने वेचल्या, चंद्रीचं, म्हणजे आमच्या गाईचं, शेण घातलं. फ्लावरचा गड्डा लिंबाएवढा झाला की अंबू त्याच्यावर पानं ओढून सुतळीने बांधायची. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो. हे मी दरवर्षी बघत होतो, म्हणून मीही बांधलं. अंबूपेक्षा घट्ट! डोक्याला फडकी बांधलेल्या म्हाताऱ्या ओळीने बसाव्यात तसं आमचं परस दिसायला लागलं. धुण्याच्या दगडाजवळचं एक रोप तेवढं सोडलं. ते इतकं मरतुकडं होतं की त्याच्यावर सुतळी कशाला वाया घालवा!

भागुबाई रोज कुंपणावरून डोकवायच्या.

"भिकाजीभाऊ, एक तरी उघडून दावा की!"

"संक्रांतीला!"

"पर रंग आलाय का?"

"रंग? डोळे दिपतील तुमचे!"

मी स्वतः अजून बघितलेलं नव्हतं. सारखं उघडून बघू नये, असं अंबू म्हणायची. भागुबाईंनी मात्र परंदवडीच्या बहिणीला निरोप धाडला, आणि ती गाडीभर बायका घेऊन खास फ्लावर बघायला निघाली.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन परसात गेलो. पहिली सुतळी सोडली. पांढरा! दुसरी सोडली. पांढरा! सगळ्या सुतळ्या सोडल्या. सगळे पांढरे! धुतलेल्या धोतरासारखे! एरवी असे फ्लावर आले असते तर मी गावातून वाजतगाजत नेले असते. त्या दिवशी मी तिथेच मातीत बसलो. माझं हसं झालं असतं तर चाललं असतं. पण अंबू खोटी ठरणार होती, आणि भांडायला ती स्वतः नव्हती.

तेवढ्यात गोठ्यात चंद्रीने पाय आपटला. तिच्या खुराला जखम झाली होती आणि ढोरांच्या डॉक्टरांनी लावायला बाटली दिली होती. बाटलीतलं औषध कसं होतं? जांभळं!

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची अक्कल कुठे गेली होती? तेच मी स्वतःला अजून विचारतो. पण तेव्हा वाटलं, नुसतं हातावर ठेवायचं तर आहे. खाऊ नका, देवापुढे ठेवा, असं सांगितलं की झालं. दाढीचा ब्रश घेतला आणि एकेक फ्लावर रंगवून पंख्याखाली वाळवला. असे झकास दिसायला लागले की मलाच खरे वाटले!

दुपारी टोपलं डोक्यावर घेऊन भागुबाईंच्या दारात उभा राहिलो. आत सगळ्या काळ्या साड्यांतल्या बायका. पुरुष मी एकटाच. मी मागे सरलो.

"आत या, भाऊ," भागुबाई म्हणाल्या. "अंबू सवाशीण गेली. तिचं वाण आमी घेनार. आज तुमी तिच्या जागी."

मी टोपल्यावरचं फडकं काढलं. बायकांनी असा "अगं बाई!" केला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मी एकेकीच्या हातावर फ्लावर ठेवला. भागुबाईंच्या हातावर ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

"खरं बोलत हुती गं अंबू. मीच हसले तिला!"

मी घाईने पुढचा फ्लावर उचलला. खाऊ नका हे सांगायचं राहूनच गेलं.

आणि मग भागुबाईंची सून सारिका गुलाबदाणी घेऊन उठली! हळदीकुंकवात गुलाबपाणी शिंपडतात, हे मी साफ विसरलो होतो. अंबू जायची, मी थोडाच जात होतो! सारिकाने हातांवर शिंपडलं, फ्लावरवर शिंपडलं, सगळीकडे शिंपडलं. त्याच हातांनी भागुबाईंनी डोळे पुसले. डोळ्यांखाली दोन जांभळे पट्टे उमटले! त्याच बोटांनी त्यांनी बहिणीला कुंकू लावलं, बहिणीने पुढचीला, पुढचीने तिच्या पुढचीला. जांभळ्या कपाळांची रांगच लागली! तिळाचे लाडू जांभळे झाले. एका बाईने गालावर हात ठेवून फोटो काढून घेतला, तो गालही गेला. त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीच माखली आहे.

मी भिंतीला धरून दाराकडे सरकत होतो. तेवढ्यात सारिका म्हणाली, "आई, रातच्याला हीच भाजी करू. पोरं खुश व्हतील."

"खाऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की दोघी-तिघींच्या हातून फ्लावर पडले.

"का वो आबा?"

"त्याला... औषध लावलंय."

"फवारनीचं व्हय? धुऊन घेऊ की."

"फवारनीचं न्हाई. चंद्रीचं."

"ही चंद्री कोन?" परंदवडीच्या बहिणीने विचारलं.

"त्यांची गाय," सारिका हळूच म्हणाली.

"गाईचं? कसलं?"

"खुराचं," मी म्हणालो.

एवढी शांतता मी रात्रीच्या रुळांवरसुद्धा ऐकली नाही. सगळ्यांनी आधी आपले हात बघितले, मग एकमेकींची कपाळं. मग जो गलका झाला! साबण आला, बेसन आलं, लिंबू आलं, रॉकेल आलं. रंग हलेना. खुरावर आठ दिवस टिकायचं औषध ते, बेसनाला काय दाद देतंय!

भागुबाई एकट्याच उभ्या होत्या. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून थांबलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पांढरा आनला असता तरी मी घेतला असता. तिच्या नावावर असलं करायचं?"

मी रिकामं टोपलं उचललं आणि घरी आलो.

पुढचा आठवडा मी मागच्या दाराने ये-जा केली. परंदवडीच्या बायकांना म्हणे बसमध्ये कुणी शेजारी बसू देईना. मळवलीचा चहावाला मला आधी विचारायचा, "भाऊ, चहा आमचाच हाय, रंगवलेला न्हाई. चालंल का?"

रथसप्तमीला सकाळी चंद्रीला पाणी पाजत होतो. सहज धुण्याच्या दगडाकडे बघितलं. ते मरतुकडं रोप! त्याच्यावर मुठीएवढा गड्डा आलेला, आणि रंग? जांभळा! बोट ओलं करून घासलं. जाईना. एका बाजूला पान पडलेलं होतं, ते उचललं, तर त्याच्याखालचा भाग पांढरा. म्हणजे उन्हाने रंग येणार होता, आणि मी सगळ्यांची डोकी बांधून ठेवली होती! ज्याची काळजी घेतली नाही, तोच तेवढा अंबूच्या शब्दाला जागला.

हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. मी गड्डा ताटात घेऊन भागुबाईंच्या दारात गेलो. त्या पायरीवर होत्या. कपाळावर अजून फिकट डाग होता.

"आता काय आनलं?"

"अंबूचा फ्लावर. खरा."

त्यांनी हात पुढे केला नाही. आधी सारिकाला पाणी आणायला लावलं. फ्लावर पाण्यात बुडवला, अंगठ्याने घासला, मग साबण लावला, परत घासला. शेवटी पांढऱ्या फडक्याने पुसला आणि फडकं उजेडात धरून बघितलं. फडकं पांढरंच!

"अंबूनं दिला असता तर मी न धुता घेतला असता," त्या म्हणाल्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मग त्यांनी फ्लावरला हळदकुंकू वाहिलं, पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "घाला."

मी पदरात घातला. त्यांनी एक तुरा तोडून माझ्या ताटात ठेवला. "तिच्या घरात बी शिजू द्या."

संध्याकाळी मी तो तुरा कढईत टाकला. हळद, मीठ, थोडं पाणी. झाकण ठेवलं. जरा वेळाने काढलं, आणि काय सांगू! जांभळा रंग गायब! भांडी घासल्यावर उरतं तसलं हिरवट-निळसर पाणी, आणि त्यात मळकट फ्लावर!

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"भिकाजीभाऊ! अवो भिकाजीभाऊ! ह्याचा बी रंग गेला की वो!"

मी गॅस बंद केला, आतून कडी लावली आणि घरात कुणीच नसल्यासारखा बसून राहिलो.